किम घराण्याची राजवट : प्रचाराचा आणि कोंडीचा इतिहास

उत्तर कोरियात 1948 पासून एकाच घराण्याची सत्ता आहे. किम इल-सुंग, त्याचा मुलगा किम जोंग-इल आणि नातू किम जोंग-उन या तीन पिढ्यांनी पाऊणशेहून अधिक वर्षे हा देश आपल्या मुठीत ठेवला. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे अशी सत्ता गेलेली नाही. सैन्य, पोलीस आणि छळछावण्या यांचा धाक तिथे आहेच; पण एवढा काळ टिकायला नुसता धाक पुरत नाही. राज्य सांगेल तेच लोकांच्या कानांवर सतत पडावे आणि ते खरे की खोटे हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती राहू नये, अशी दुहेरी व्यवस्था या घराण्याने उभारली. प्रचार आणि कोंडी ही तिची दोन अंगे. सत्ता वारशाने द्यायची ठरल्यावर प्रचाराला अधिक मोठे खोटे बोलावे लागले आणि ते सांभाळण्यासाठी कोंडीही अधिक आवळावी लागली.

पारतंत्र्य, फाळणी आणि युद्ध

1910 ते 1945 या काळात कोरियावर जपानचे राज्य होते. अखेरच्या वर्षांत कोरियन लोकांना जपानी नावे घ्यायला लावली गेली, शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली, शिंतो मंदिरांपुढे नमन करणे सक्तीचे झाले. दैवी मानल्या गेलेल्या सम्राटापुढे सगळ्या समाजाने झुकायचे, ही सवय वसाहतकाळातच लावली गेली होती. जपान हरला तेव्हा 38 व्या अक्षांशावर कोरियाचे दोन भाग झाले. उत्तरेत सोव्हिएत सैन्य आले, दक्षिणेत अमेरिकी.

किम इल-सुंगचा जन्म 15 एप्रिल 1912 रोजी प्योंगयांगजवळच्या मानग्योंगदे गावी झाला. त्याचे मूळ नाव किम सोंग-जू. मांचुरियात जपान्यांशी लढणाऱ्या गनिमी तुकड्यांत तो होता, आणि 1937 साली पोचोन्बो या सीमेवरच्या गावातील पोलीस ठाण्यावरच्या छाप्याने त्याचे नाव झाले. जपानी सैन्याचा दाब वाढल्यावर तो 1940 च्या सुमारास सोव्हिएत हद्दीत गेला आणि खबारोव्स्कजवळच्या लाल सैन्याच्या 88 व्या ब्रिगेडमध्ये अधिकारी झाला. सप्टेंबर 1945 मध्ये तो सोव्हिएत जहाजातून वोनसान बंदरात उतरला. 14 ऑक्टोबरला प्योंगयांगच्या जाहीर सभेत सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्याला लोकांसमोर आणले, तेव्हा तो 33 वर्षांचा होता.

पुढे लिहिल्या गेलेल्या सरकारी इतिहासातून सोव्हिएत सैन्याचा वाटा जवळजवळ पुसला गेला. किम इल-सुंगने स्वतःच्या सेनेच्या बळावर देश मुक्त केला, असे पाठ्यपुस्तके शिकवू लागली. त्याचे जपानविरोधी लढणे खरे होते. त्या खऱ्याभोवती बाकीची कथा रचली गेली. हीच पद्धत युद्धाच्या बाबतीतही वापरली गेली. 25 जून 1950 रोजी स्टालिनची संमती घेऊन उत्तरेने दक्षिणेवर हल्ला केला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर खुल्या झालेल्या कागदपत्रांनी हे स्पष्ट केले आहे. उत्तर कोरियातील प्रत्येक मूल मात्र अमेरिकेने आणि दक्षिणेने आक्रमण केले, असेच शिकते. त्याच वेळी अमेरिकी विमानांनी कोरियावर सुमारे 6 लाख 35 हजार टन बॉम्ब टाकले, वर नापाम वेगळा, आणि प्योंगयांग जवळजवळ भुईसपाट झाले, हेही खरे आहे. घराघरांतले हे दुःख राज्यकर्त्यांनी बनवलेले नव्हते. त्यांनी त्याचा दोष आणि अर्थ ठरवण्याचा मक्ता आपल्याकडे घेतला.

27 जुलै 1953 च्या युद्धविरामानंतर परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न भारतापुढे आला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्यांकडे होते आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात या मराठी सेनानीकडे. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सोपवलेल्या 22 हजारांहून अधिक कैद्यांपैकी सुमारे 7,900 उत्तर कोरियाचे होते, बाकीचे चिनी. कैद्यांना त्यांच्या त्यांच्या देशाचे प्रतिनिधी समजावून सांगतील आणि मग कैदी निर्णय घेतील, अशी योजना होती. छावण्यांत दोन्ही बाजूंच्या समर्थकांची दहशत होती, त्यामुळे हे काम अवघड ठरले. तरी सामान्य सैनिकाला कोणत्या बाजूला जायचे हे विचारले गेले, असा प्रसंग उत्तर कोरियाच्या इतिहासात पुन्हा आला नाही.

दरवाजे बंद झाले ते दशक

1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर कोरिया इतर साम्यवादी देशांसारखाच होता. रशियन पुस्तके मिळत, विद्यार्थी मॉस्को आणि पूर्व युरोपात शिकत, पक्षात एकाहून अधिक गट होते. फेब्रुवारी 1956 मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका केली, आणि ऑगस्टमध्ये प्योंगयांगच्या पक्षबैठकीत काही ज्येष्ठ नेत्यांनी किम इल-सुंगवर तोच आक्षेप घेतला. त्यांचा पाडाव झाला. पुढच्या काही वर्षांत सोव्हिएत संघातून आणि चीनमधून आलेल्या कोरियन साम्यवाद्यांचे गट मोडून काढले गेले. परदेशी शिकणारे विद्यार्थी माघारी बोलावले गेले. मित्रराष्ट्रांतून आलेला विचारही धोकादायक असू शकतो, हे किम इल-सुंगने त्या प्रसंगातून ताडले. स्वावलंबन सांगणारे ‘जुचे’ हे तत्त्वज्ञान त्याला इथे उपयोगी पडले. बाहेरचे काही नको, या शिकवणुकीला त्याने राष्ट्राभिमानाचा पोशाख चढवला.

याच सुमारास प्रत्येक नागरिकाची पूर्वपीठिका तपासून ‘सोंगबुन’ नावाची वर्गवारी सुरू झाली. निष्ठावंत, डळमळीत आणि शत्रू असे तीन मोठे वर्ग आणि त्यांखाली 51 पोटवर्ग. जमीनदार, ख्रिस्ती, जपान्यांचे नोकर किंवा दक्षिणेत पळालेला एखादा नातेवाईक कुळात निघाला की सारे घर खालच्या वर्गात जाई. शिक्षण, नोकरी, पक्षाचे सभासदत्व, राजधानीत राहण्याची परवानगी, सारे त्यावर ठरे. आजोबांची ओळख नातवाला चिकटे. सत्ता वारशाने जाण्याआधीच अपराध आणि निष्ठा वारशाने जाऊ लागल्या होत्या.

डिसेंबर 1959 पासून जपानच्या निगाता बंदरातून कोरियन वंशाच्या लोकांना घेऊन जहाजे उत्तर कोरियाकडे निघाली. जपानमध्ये हे लोक गरिबीत आणि भेदभावात जगत होते; घर, काम, मोफत शिक्षण देणारा ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’ असा प्रचार त्यांच्यासमोर झाला. 1984 पर्यंत सुमारे 93 हजार लोक गेले. त्यांतले बहुतेक मुळात दक्षिण कोरियाचे होते, आणि काहींबरोबर जपानी बायकाही होत्या. पोहोचल्यावर परतीचा मार्ग बंद झाला. बाहेरचे जग पाहिलेली ही माणसे राज्याच्या दृष्टीने संशयित ठरली, आणि जपानमधल्या नातेवाइकांना लिहिलेली त्यांची पत्रे तपासली जाऊ लागली. बाहेरून माणूस आणण्यापुरता प्रचार आणि तो आत आला की कोंडी, हा क्रम इथे सर्वात उघड दिसतो.

वारसाची तयारी

1967 साली पक्षातल्या उरल्यासुरल्या गटाचाही काटा काढून ‘एकमेव विचारप्रणाली’ लागू झाली. परदेशी पुस्तके ग्रंथालयांतून गेली किंवा कुलुपात पडली. किम जोंग-इल त्या वेळी पक्षाच्या प्रचार विभागात वर चढत होता. चित्रपट, संगीतिका, स्मारके यांवर त्याची पकड होती आणि बापाची पूजा वाढवण्यात त्याने कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. 1972 मध्ये किम इल-सुंगच्या साठाव्या वाढदिवसाला प्योंगयांगच्या मान्सू टेकडीवर वीस मीटरहून उंच ब्राँझचा पुतळा उभा राहिला. छातीवर त्याच्या चेहऱ्याचा बिल्ला लावणे याच काळात सर्वत्र आले. विदेशी वर्तमानपत्रांत पैसे मोजून त्याच्या स्तुतीच्या जाहिराती छापल्या जात, आणि जग आपल्या नेत्याला कसे मानते याचा पुरावा म्हणून त्या देशात दाखवल्या जात.

1970 साली प्योंगयांगमध्ये निघालेल्या राजकीय शब्दकोशात वंशपरंपरागत सत्ता ही शोषक समाजाची प्रथा म्हणून धिक्कारलेली होती. 1972 च्या आवृत्तीत ती नोंदच नव्हती. 1974 मध्ये किम जोंग-इल पक्षांतर्गत वारस ठरला आणि त्याच वर्षी त्याने दहा तत्त्वांची संहिता जाहीर केली. नेत्याच्या शब्दाला बिनशर्त मानणे आणि त्याचे कार्य पिढ्यान्‌पिढ्या चालवणे हा तिचा गाभा. राज्यघटनेपेक्षा या तत्त्वांचा अंमल कडक राहिला. जनतेला वारसाची अधिकृत ओळख 1980 च्या पक्ष अधिवेशनात झाली.

वारस ठरला तरी त्याच्यापाशी लढाईचा पराक्रम नव्हता. मग त्याच्या जन्माचाच पराक्रम करावा लागला. सोव्हिएत नोंदींप्रमाणे तो 1941 साली खबारोव्स्कजवळच्या छावणीत जन्मला. सरकारी चरित्राप्रमाणे तो 16 फेब्रुवारी 1942 रोजी, कोरियन लोक आपले मूळस्थान मानतात त्या पेक्तु पर्वतावरच्या गुप्त तळावर जन्मला, आणि आकाशात इंद्रधनुष्य व नवा तारा दिसला. 1980 च्या दशकात तिथे ओंडक्यांची झोपडी बांधली गेली, जवळच्या शिखराला त्याचे नाव दिले गेले आणि शाळकरी मुलांच्या यात्रा सुरू झाल्या. देशभर जुन्या झाडांच्या साली सोलून त्यांवर गनिमांनी कोरलेल्या घोषणा ‘सापडू’ लागल्या. त्यांत या बाळाच्या जन्माचे स्वागतही होते. तो काळ स्वतः पाहिलेली माणसे तेव्हा जिवंत होती. ती बोलली नाहीत, कारण बोलण्याची किंमत साऱ्या कुटुंबाला मोजावी लागली असती.

घरातली तसबीर, आठवड्याची सभा

ही व्यवस्था सामान्य घरात कशी पोहोचते ते दोन गोष्टींतून दिसते. पहिली तसबीर. प्रत्येक घराला नेत्यांच्या तसबिरी राज्याकडून मिळतात. त्या बैठकीच्या खोलीत मुख्य भिंतीवर उंच लावायच्या. त्या भिंतीवर दुसरे काही टांगायचे नाही. पुसण्यासाठी वेगळे फडके असते आणि ते दुसऱ्या कामाला वापरत नाहीत. तपासणीला आलेल्या माणसाला काचेवर धूळ दिसली तर घरधन्याला जाब द्यावा लागतो. 22 एप्रिल 2004 रोजी र्योंगचोन स्थानकात मोठा स्फोट झाला. जळत्या इमारतींतून स्वतःआधी तसबिरी वाचवताना प्राण गमावलेल्या लोकांचा सरकारी वृत्तसंस्थेने गौरव केला. आपत्तीत माणसाने काय करावे, याचा तो धडा होता. वर्तमानपत्रात नेत्याचे छायाचित्र असेल तर चेहऱ्यावर घडी येऊ द्यायची नाही, हाही नियम सर्वांना ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट साप्ताहिक आत्मटीकेची सभा. बालसंघात गेलेल्या मुलापासून निवृत्त बाईपर्यंत प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या संघटनेचा सभासद असतो, आणि प्रत्येक संघटना दर आठवड्याला ही सभा घेते. माणूस उभा राहतो, वहीतून आधी नेत्याचे वचन वाचतो, त्या कसोटीवर आपली आठवड्यातली चूक सांगतो आणि मग समोर बसलेल्यांपैकी कोणाची तरी चूक दाखवतो. कामावर उशिरा आलो, अभ्यासात हयगय झाली, अशा लहान चुका निवडायच्या. देश सोडून आलेले अनेकजण सांगतात की मित्र आधीच ठरवून एकमेकांवर किरकोळ आरोप करत. तरी या सभेचा हेतू साधतोच. शेजारी बसलेल्या माणसावर दर आठवड्याला बोट दाखवावे लागते तिथे मनातले बोलण्याइतका विश्वास टिकत नाही. राजवटीविरुद्ध संघटित व्हायला जो विश्वास लागतो, तोच ही सभा मुळाशी खुडते.

वस्त्यांवर नजर ठेवायला ‘इनमिनबान’ आहे. साधारण वीस ते चाळीस घरांचा हा गट असतो आणि त्याची प्रमुख बहुधा मध्यमवयीन बाई असते. कोणाच्या घरी किती भांडी, कोणाकडे पैसा कुठून आला, कोण पाहुणा आला, हे तिला माहीत असावे अशी अपेक्षा असते. रात्री मुक्कामाला आलेल्याची नोंद तिच्याकडे करावी लागते, आणि मध्यरात्री तपासणीही होते.

बंद खिडक्या

बाहेरचा आवाज येऊ नये यासाठीची तजवीज तितकीच बारीक आहे. रेडिओची सुई सरकारी केंद्रावर कायमची बसवलेली असते, संचाची पोलिसांकडे नोंद असते, त्यावर सील असते आणि ते अखंड आहे ना हे पाहिले जाते. घराघरांत तारेने जोडलेला ध्वनिक्षेपक असतो. देशाबाहेर कळू नयेत अशा सूचना त्यावरून दिल्या जातात. आपल्या जिल्ह्याबाहेर जायला प्रवासपरवाना लागतो, प्योंगयांगला जायला आणखी कडक. 2008 पासून मोबाइल सेवा चालू आहे, पण तिच्यावरून देशाबाहेर बोलता येत नाही. इंटरनेटच्या जागी देशापुरते बंदिस्त जाळे आहे. बाहेर पोहोचलेला एक उत्तर कोरियन टॅबलेट तज्ज्ञांनी उघडून तपासला. सरकारी शिक्क्याविना आलेली फाइल त्यात चालत नव्हती, आणि पडद्याची चित्रे आपोआप साठवली जात होती. वापरणाऱ्याला ती पुसता येत नव्हती.

या सगळ्यामागे शिक्षेचे भय आहे. राजकीय गुन्ह्यासाठी तीन पिढ्यांपर्यंत कुटुंबाला छावणीत पाठवण्याची प्रथा किम इल-सुंगच्या काळापासून चालत आली. मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने 2014 च्या अहवालात राजकीय छावण्यांतील कैद्यांची संख्या 80 हजार ते 1 लाख 20 हजार असल्याचा अंदाज दिला आणि या कृत्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले. माणूस स्वतः मरायला तयार असेल, पण मुलांना आणि आईबापांना छावणीत लोटायला तो तयार होत नाही, हे या शिक्षेचे निर्दय गणित आहे.

उपासमार आणि बाजार

या व्यवस्थेला पहिला मोठा तडा भुकेने पाडला. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि स्वस्त तेल व खते थांबली. स्वावलंबनाचा डंका पिटणारी शेती याच आयातीवर चालत होती. 8 जुलै 1994 रोजी किम इल-सुंग वारला, पुढच्या वर्षी पूर आले, आणि शिधावाटप कोलमडले. मृतांच्या संख्येचे अंदाज अडीच लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. अनेक अभ्यासक सहा ते दहा लाखांच्या दरम्यान सांगतात. राज्याने या काळाला ‘खडतर कूच’ हे गनिमी युद्धातून घेतलेले नाव दिले, म्हणजे उपाशी मरणारा माणूस धोरणाचा बळी न राहता मोहिमेतला शिपाई ठरला. याच वर्षांत मृत नेत्याचा देह ठेवण्यासाठी कुमसुसान प्रासाद सजवला गेला, त्याच्या जन्मवर्षापासून नवी कालगणना सुरू झाली आणि 1998 मध्ये घटनेने त्याला ‘शाश्वत राष्ट्राध्यक्ष’ केले.

शिधा बंद झाल्यावर लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले. बायकांनी घरातली भांडी, कपडे विकून धान्य आणले, भाकऱ्या आणि भाज्या विकायला मांडल्या, आणि ‘जांगमादांग’ नावाचे बाजार देशभर उभे राहिले. तुमेन आणि यालू नद्या ओलांडून हजारो लोक चीनमध्ये गेले. तिथे शेतकऱ्याच्या घरातही भात मिळतो हे त्यांनी पाहिले. परत येणाऱ्यांनी ही बातमी आणली. पाठोपाठ चिनी फोन, सीडी आणि नंतर पेनड्राइव्हवर दक्षिण कोरियाच्या मालिका आल्या. नटनट्यांच्या कथेपेक्षा मागे दिसणारी वाहने, स्वयंपाकघरे आणि रस्ते पाहून प्रेक्षकाचे डोळे उघडत. प्रचाराला आपली भूमिका बदलावी लागली. दक्षिण गरीब आणि उपाशी आहे, हे म्हणणे मागे पडले. दक्षिण श्रीमंत असली तरी अमेरिकेची गुलाम आणि भ्रष्ट आहे, असे सांगितले जाऊ लागले.

30 नोव्हेंबर 2009 रोजी सरकारने जुन्या शंभर वोनला एक नवा वोन असे चलन बदलले आणि बदलून मिळणाऱ्या रकमेवर मर्यादा घातली. बाजारातून साठवलेली लोकांची पुंजी एका रात्रीत बुडाली. संताप एवढा उसळला की पंतप्रधानाला चूक कबूल करावी लागली. सरकारी पगारावर अवलंबून नसलेल्या माणसाचा राग कसा असतो, हे राज्याला तेव्हा समजले.

तिसरी पिढी

17 डिसेंबर 2011 रोजी किम जोंग-इल वारला आणि विशीतला किम जोंग-उन गादीवर आला. त्याचे केस, पोशाख, चालणे आजोबांसारखे ठेवले गेले, कारण उपासमारीच्या आधीचा काळ लोकांच्या आठवणीत तुलनेने बरा होता. 2013 मध्ये दहा तत्त्वे सुधारून त्यांत ‘पेक्तु रक्तवंशा’चा उल्लेख घातला गेला. त्याच वर्षी डिसेंबरात आत्याचा नवरा जांग सोंग-थेक याला देहदंड झाला. फेब्रुवारी 2017 मध्ये सावत्र भाऊ किम जोंग-नाम क्वालालंपूरच्या विमानतळावर विषप्रयोगाने मारला गेला. सत्तेचा आधार रक्त हाच असेल तर त्याच रक्ताचा दुसरा माणूस सर्वात मोठा प्रतिस्पर्धी ठरतो.

जानेवारी 2020 मध्ये कोविडच्या साथीच्या कारणाने सीमा बंद झाल्या आणि ती संधी साधून कोंडी पुन्हा आवळली गेली. डिसेंबर 2020 च्या कायद्याने दक्षिणेच्या मालिका पाहणाऱ्याला दीर्घ सक्तमजुरी आणि पसरवणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा ठेवली. 2021 मध्ये तरुणांच्या वागणुकीवर, 2023 मध्ये दक्षिणेच्या धाटणीने बोलण्यावर बंधन घालणारे कायदे आले. जानेवारी 2024 मध्ये किम जोंग-उनने एकीकरणाचे ध्येय सोडल्याचे सांगितले आणि प्योंगयांगची एकीकरणाची कमान पाडली. दक्षिणेतले लोक आपलेच बांधव आहेत असे मानणारा माणूस ते कसे जगतात हे विचारणारच. तो प्रश्नच उरू नये, असा या बदलाचा एक अर्थ निघतो. दक्षिण कोरियात पोहोचणाऱ्यांची संख्या 2009 मध्ये 2,914 होती. 2019 मध्ये ती 1,047 झाली आणि 2021 मध्ये अवघी 63. नोव्हेंबर 2022 पासून किम जोंग-उनची लहान मुलगी क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांना आणि संचलनांना बापाशेजारी दिसू लागली आहे.

सुमारे 2 कोटी 60 लाख लोक या व्यवस्थेत जगतात. त्यांनी सारे काही भोळेपणाने मान्य केले, हा समज अन्यायाचा आहे. बायकांनी उभे केलेले बाजार, पडदे ओढून पाहिलेल्या मालिका, सभेआधी ठरवून घेतलेले आरोप आणि नदी ओलांडलेली माणसे, हे सर्व त्यांच्या स्वतःच्या विवेकाचे पुरावे आहेत. राजवटीलाही ते ठाऊक आहे. लोक मनापासून मानतात अशी तिची खात्री असती तर तीन वर्षांत तीन कायदे करून कोणते चित्र पाहावे आणि कोणत्या धाटणीने बोलावे हे ठरवण्याची तिला गरज पडली नसती. घराण्याची कथा आजही रोज सांगितली जाते. ती ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ती पटते, हे मोकळेपणाने विचारता येईल अशी सोय मात्र या घराण्याने कधीच होऊ दिलेली नाही.